हाँगकाँगमध्ये डिमसम लंच, आणि सोबत शुद्ध शाकाहारी सासूबाई. काय मागवू?

चिमणचारा:

नमस्कार मंडळी, हाँगकाँगच्या जाणकारांची मदत हवीये. पुढच्या महिन्यात नवऱ्याचं तिकडे काम आहे आणि ते धरून आम्ही सगळेच चाललोय, सासूसासरे आणि लेक धरून. नवऱ्याचा तिथला एक सहकारी आहे, तिथलाच कँटोनीज माणूस, एकदम सज्जन, त्याने रविवारी सकाळी साडेअकराला सेंट्रल भागातल्या एका मॉडर्न टाईपच्या डिमसम (चहासोबत खायचे डंपलिंग वगैरे छोटे छोटे पदार्थ) रेस्टॉरंटमध्ये आमच्यासाठी टेबल बुक पण करून टाकलंय, तो आणि त्याची बायकोही येणारेत. नाही म्हणायचा प्रश्नच नाही आणि मला स्वतःला तर कधीची इच्छा आहे.

पण आमचं टेबल म्हणजे काय विचारू नका. सासूबाई शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, कांदा लसूण चालतो एवढंच नशीब. सासरे मासे, कोळंबी आवडीने खातात पण चिकनच्या पुढे जात नाहीत. नवऱ्याला बीफ अजिबात नको आणि पोर्क शक्यतो नको. मी सगळं खाते. लेक नऊ वर्षांचा, तो फोटो बघून ठरवतो. मी त्या जागेचा मेनू बघितला तर ट्रफल (ती महागडी वासाची बुरशी), इबेरिको (स्पॅनिश पोर्क), काळे बाओ (सारण भरलेले पाव), डुकराच्या पिल्लाच्या तोंडासारखे दिसणारे बाओ असलं काय काय दिसलं, आणि प्रत्येक पदार्थात नक्की काय आहे ते मला तरी कळेना. तर माझे प्रश्न असे की सासूबाईंना पोटभर मिळेल का का नुसता चहा पिऊन बसावं लागेल, सासऱ्यांना "कोळंबी आहे" म्हणून बिनधास्त काय देता येईल, चॉपस्टिक येत नसतील तर चमचा मागितलेला वाईट दिसतो का, आणि बिलाचं काय करायचं, तो बोलावतोय म्हणजे तोच देणार पण आम्ही तिघं एक्स्ट्रा आहोत हो. जरा सविस्तर सांगा.

बाराभानगडी:

सविस्तर सांगायचं तर आधी ती जागा बदला. हे मॉडर्न डिमसम म्हणजे इन्स्टाचं खाणं. बाओला डोळे काढले की किंमत दुप्पट, वर सोन्याचा वर्ख लावला की तिप्पट. खरं यम चा, म्हणजे चहा आणि सोबत डिमसम, करायचं तर जुन्या टी हाउसमध्ये जा, सेंट्रलमध्येच स्टॅनली स्ट्रीटवर लुक यू आहे, १९३३ पासूनचं, लाकडी पार्टिशन, पंखे, पांढऱ्या जाकिटातले वयस्कर वेटर, तिथे बसलं की कळतं हे प्रकरण काय आहे ते. नाहीतर सिटी हॉलमधलं मॅक्सिम्स पॅलेस, तिथे अजून ढकलगाड्या फिरतात, झाकण उघडून दाखवतात, बोट दाखवायचं आणि घ्यायचं, मुलाला तर जत्रा वाटेल. बाकी तुमची मर्जी.

टपरीवाला:

बाराभानगडी साहेब, ज्या टेबलवर शुद्ध शाकाहारी सासूबाई आहेत तिथे "बोट दाखवा आणि घ्या" हा सल्ला देणं म्हणजे घरफोडीच की हो. ह. घ्या.

कोलूनकर:

टपरीवाल्यांना +१, आणि गमतीत बोललेत पण मुद्दा तोच आहे.

चिमणचाराताई, जागा अजिबात बदलू नका. मी इकडे बरीच वर्षं आहे आणि आलेल्या पाहुण्यांना घेऊन दोन्हीकडे जातो. जुनी टी हाउस मला मनापासून आवडतात पण ती ज्याला सगळं चालतं त्याच्यासाठी आहेत. गाडीवरच्या करंडीत काय आहे हे त्या मावशी कँटोनीजमध्ये ओरडून सांगतात, आत डुकराची चरबी आहे का असं इंग्रजीत विचारलंत तर त्या पुढच्या टेबलाकडे जातील, त्यांचा दोष नाही, गर्दीच तेवढी असते. नवीन जागांमध्ये पदार्थ ऑर्डर आल्यावर वाफेला लागतो, मेनूवर बऱ्याचदा घटक लिहिलेले असतात, वेटरला इंग्रजी येतं आणि "हे बिना ऑईस्टर सॉस (कालवांचा सॉस) करून द्या" म्हटलं तर ऐकतात. चेहरेवाले बाओ मलाही फार कौतुकाचे वाटत नाहीत (मुलगा मात्र खूश होणार, डोळ्यातून कस्टर्ड बाहेर यायला लागलं की सगळी पोरं फोन काढतात) पण तुमच्यासारख्या मिश्र टेबलाला मॉडर्न जागाच सोयीची.

आता सासऱ्यांचं. इथे नीट वाचा कारण सगळ्यात जास्त गडबड इथे होते. डिमसममध्ये पोर्क हा नुसता एक घटक नाही, तो मीठ असल्यासारखा सगळ्यात असतो. हार गाऊ म्हणजे ती पारदर्शक आवरणाची कोळंबी, वरून बघितलं तर आत फक्त कोळंबी दिसते, पण पारंपरिक सारणात बांबूच्या कोंबाबरोबर डुकराच्या चरबीचे बारीक तुकडे घालतात, रसाळपणासाठी. सिउ माय, ते पिवळ्या कागदासारख्या आवरणातलं उघड्या तोंडाचं, त्यात पोर्क आणि कोळंबी दोन्ही. मुळ्याचा केक नावाला मुळ्याचा, त्यात चिनी सॉसेज आणि सुकी कोळंबी. कमळाच्या पानात बांधलेला चिकट भात मिळतो त्यात चिकनबरोबर सॉसेज असतं बहुतेक वेळा. अळकुडीच्या जातीच्या कंदाचे जाळीदार तळलेले गोळे मिळतात, दिसायला इतके निरागस की शाकाहारी माणूस पटकन हात घालतो, आत पोर्कचा खिमा आणि बाहेरच्या पिठात चरबी. वाफवलेले मोठे गोळे दिसले तर ते बहुतेक बीफचे, ते तुमच्या मिस्टरांसाठी सांगतोय.

त्यामुळे सासऱ्यांना देताना "कोळंबी आहे ना" असं विचारू नका, "यात पोर्क किंवा पोर्कची चरबी आहे का" असंच विचारा. बिनधास्तपैकी चेउंग फन, म्हणजे तांदळाच्या पातळ ओल्या शीटमध्ये गुंडाळलेली कोळंबी, वर गोडसर सोया, ते त्यांना शंभर टक्के आवडेल, गरम गरम घसरत घशाखाली जातं. स्कॅलपचं (शिंपल्यातलं मांस) डंपलिंग असेल तर ते, तळलेलं स्क्विड, आणि पूर्ण वाफवलेला मासा असतो पण तो दुपारी एवढ्या माणसांत महाग पडतो. लेकाला बेक केलेला चार सिउ बाओ द्या जर पोर्क चालत असेल तर, २००९ मध्ये मोंग कोकमध्ये सुरू झालेल्या टिम हो वानने तो फेमस केला, वरून गोड खुसखुशीत कवच, पुढच्याच वर्षीच्या मिशेलिन गाईडमध्ये त्या छोट्याशा दुकानाला एक स्टार मिळाला आणि बाहेर रांगा लागल्या. आता हा बाओ सगळीकडे मिळतो.

बिल: सहकाऱ्याने बोलावलंय तर तोच देणार आणि तुम्ही टेबलावर पाकीट काढलंत की तो तुमच्यापेक्षा जोरात काढेल, ती कुस्ती इथे रोज सगळ्या टेबलांवर चालते. फारच वाटत असेल तर तुमच्या मिस्टरांना मध्येच "हात धुवून येतो" म्हणून काउंटरला पाठवा, पण मी म्हणेन पहिल्यांदा त्याला देऊ दे, येताना घरून चांगली मिठाई न्या आणि दोन्ही हातांनी द्या, आणि संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी तुम्ही त्यांना बोलवा. आकडा माहिती असावा म्हणून सांगतो, सेंट्रलमधल्या अशा जागी माणशी साधारण २५० ते ४०० हाँगकाँग डॉलर धरा, त्याहून वर किती न्यायचं ते इबेरिको आणि ट्रफल ठरवतात. वर १० टक्के सर्व्हिस चार्ज लागतो, चहाचे माणशी वेगळे लागतात, आणि बसल्या बसल्या शेंगदाणे किंवा लोणच्याची छोटी बशी न मागता येते ती फुकट नसते.

बाराभानगडी:

बरं, शाकाहाराचा मुद्दा मान्य. पण ट्रफल घातलेल्या सिउ मायवर माझं मत बदलणार नाही, वाफेच्या वासावर ट्रफल तेलाचा वास बसला की खाली काय आहे ते कळतच नाही आणि बहुतेक वेळा तेच अपेक्षित असतं. एखाद्या जागेचं पाणी जोखायचं तर हार गाऊ मागवा. बाकी सगळं नंतर.

वाफाळ:

हार गाऊवरून जोखायचं हे अगदी बरोबर, त्यात थोडी भर घालतो, मी हॉटेलच्या किचनमध्ये काम केलेला माणूस आहे आणि कँटोनीज सेक्शनच्या शेफच्या शेजारी उभं राहून ते बघितलेलं आहे.

त्याचं आवरण मैद्याचं नसतं. गव्हातलं ग्लुटेन धुवून काढल्यावर जो स्टार्च उरतो तो आणि टॅपिओका (साबुदाण्याचा) स्टार्च, त्यावर उकळतं पाणी ओतायचं, झाकायचं आणि गरम असतानाच मळायचं, म्हणजे आपली मोदकाची उकड काढतो तसंच, पाणी पुरेसं उकळतं नसेल तर पीठ फाटतं. ग्लुटेन नाही म्हणून लाटणं चालत नाही, तो शेफ रुंद पात्याचा सुरा तेलाने पुसायचा, छोटासा गोळा ठेवायचा आणि सुऱ्याचं सपाट अंग वर दाबून एकाच फिरकीत गोल करायचा, एक बाजू किंचित पातळ राहते, त्या बाजूला चुण्या घालतात. मग चुण्या बोटांनी भराभर, एका बाजूलाच, दुसरी बाजू साधी, त्यामुळे ते कंगव्यासारखं किंवा कोषासारखं दिसतं. जुने लोक चुण्या मोजतात, सातपेक्षा कमी असतील तर नाक मुरडतात, दहाच्या वर गेलं की मान डोलावतात. कोळंबी कुरकुरीत लागते ती आपोआप नाही, तिला स्टार्च, मीठ (कुठे कुठे सोडा) चोळून वाहत्या थंड पाण्याखाली बराच वेळ धुतात.

तर खाताना काय बघायचं: करंडीचं झाकण उघडल्यावर आतली गुलाबी कोळंबी आवरणातून दिसली पाहिजे, चॉपस्टिकने उचलल्यावर तळ कागदाला चिकटून फाटता कामा नये. आणि आल्या आल्या खा. पाच सहा मिनिटांची कडक वाफ पुरते, पण टेबलवर तेवढाच वेळ पडून राहिलं तर आवरण पांढुरकं, घट्ट होतं आणि मग त्यात मजा नाही. फोटो काढायचा तर एक काढा आणि हात चालवा. ढकलगाडीवरच्या हार गाऊची अडचण हीच असते की ते किती फेऱ्या मारून तुमच्याकडे आलंय ते सांगता येत नाही, म्हणून मी याबाबतीत बाराभानगडींच्या विरुद्ध पार्टीत.

भाकरतुकडा:

चिमणचाराताई, मी स्वतः शाकाहारी आहे आणि हाँगकाँगमध्ये राहते म्हणून सासूबाईंपुरतं मी सांगते. उपाशी राहणार नाहीत पण आधी तयारी लागेल, तिथे बसून मेनू उघडू नका. नवीन जागांमध्ये दोन तीन शाकाहारी डंपलिंग हमखास असतात, मशरूमचं असतं, भाज्यांचं असतं, आणि ते बऱ्यापैकी चांगले असतात. तरीपण "व्हेजिटेबल डंपलिंग" नाव बघून थांबायचं नाही, इथे भाजीच्या डंपलिंगात कोळंबी घातली तरी ते भाजीचंच डंपलिंग असतं. सुके मशरूम आणि ब्रोकोली, काय लान वगैरे हिरव्या भाज्या उकडून देतात त्यावर ऑईस्टर सॉस ओततात, तो बाजूला न ठेवता नकोच म्हणा, आलं लसणावर परतून मिळतात, त्या मस्त लागतात. एक्सओ सॉस लिहिलेलं काही दिसलं तर सरळ पुढे जा, इथलाच शोध आहे तो, सुकं स्कॅलप, सुकी कोळंबी आणि डुकराच्या हॅमशिवाय तो बनत नाही. आणि अंडं नाही म्हणालात म्हणून, एग टार्ट, वाफवलेला तपकिरी स्पंज केक आणि ते वाहत्या पिवळ्या कस्टर्डचे बाओ हे तिन्ही त्यांच्यासाठी बाद. फ्राईड राईस "अंड्याशिवाय, मांसाशिवाय" करून देतात, मागायला लाजू नका.

एक पदार्थ मुद्दाम सुचवते, तळलेली पिठाची कांडी तांदळाच्या शीटमध्ये गुंडाळून देतात, जा लेउंग म्हणतात, बाहेर मऊ आत कुरकुरीत, वर तीळ, सोबत सोया, तिळाचा आणि गोड सॉस. पीठ आणि सॉसचं विचारून घ्या, जमलं तर सासूबाई दुसरी प्लेट मागतील.

सगळ्यात सोपं म्हणजे त्या सहकाऱ्याला आधी एक मेसेज टाका. त्याला फक्त "व्हेजिटेरियन" म्हणू नका, काही जणांना त्यात चिकनचा रस्सा चालतो असं वाटतं. त्याला सांगा की त्या "जाय" खातात, अंडंही नाही. बौद्ध पद्धतीचं ते खाणं इथे सगळ्यांना माहिती असतं, कित्येक घरांत चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तेच खातात, त्यामुळे त्याला लगेच डोक्यात बसेल आणि तो रेस्टॉरंटला कँटोनीजमध्ये सांगेल, तुम्ही इंग्रजीत दहा वेळा सांगण्यापेक्षा ते एकदा सांगितलेलं जास्त लागू पडतं.

आणि सासूबाईंना एक दिवस त्यांच्या हक्काचा द्या. अॅडमिरल्टीजवळ हाँगकाँग पार्कमध्ये चहाच्या भांड्यांचं म्युझियम आहे, फ्लॅगस्टाफ हाउसमध्ये, १८४० च्या दशकातली इमारत आहे, त्याच्या आवारात लॉकचा टी हाउस आहे तिथलं डिमसम पूर्ण शाकाहारी आहे. दुसरं म्हणजे डायमंड हिलला नान लिआन गार्डनमधलं ची लिनचं शाकाहारी रेस्टॉरंट, धबधब्याच्या मागे बसवतात. दोन्हीकडे कोणाला काही विचारायची गरज नाही, त्या मेनू हातात घेऊन स्वतः निवडतील, त्यातच त्यांना अर्धा आनंद होईल बघा.

टपरीवाला:

चहाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून माझं घोडं पुढे दामटतो. तिथे डिमसमला बोलावतात म्हणजे खरं चहाला बोलावतात, खाणं त्याच्या जोडीला. बसल्या बसल्या पहिला प्रश्न "कुठला चहा" हाच येणार, तेव्हा गोंधळू नका. दूध साखर विसरा. पो लेय काळा, मातकट, तेलकट खाण्यावर उत्तम उतारा, सासऱ्यांना पटेल. जस्मिन सगळ्यांना आवडतो. शेवंतीची फुलं घातलेला पो लेय असतो तो मधला मार्ग, मी तोच घेतो. दोन किटल्या मागवा, सात माणसांना एक पुरत नाही.

रीत अशी की आधी दुसऱ्यांच्या कपात ओतायचं, वडीलधाऱ्यांपासून सुरुवात, स्वतःचा कप शेवटी. कोणी तुमच्या कपात ओतत असेल तर दोन बोटं वाकवून टेबलवर हलकेच टकटक करायची, झालं थँक्यू, बोलणं थांबवावं लागत नाही. म्हणे चीनचा चिएनलुंग बादशहा वेश बदलून फिरत होता आणि त्याने नोकराला चहा ओतला, नोकराला गुडघे टेकता येईनात म्हणून त्याने बोटं टेकवली, आख्यायिकाच आहे पण लेकाला सांगा, तो दिवसभर टकटक करत बसेल. किटलीत पाणी संपलं की ओरडायचं नाही, झाकण तिरकं करून ठेवायचं, वेटर गरम पाणी आणून भरतो.

कोलूनकर:

चॉपस्टिकचं राहिलं. चमचा खुशाल मागा, काटाही मिळतो, कोणी ढुंकून बघत नाही. बऱ्याच चांगल्या जागी प्रत्येकापुढे दोन जोड्या ठेवलेल्या असतात, रंग वेगळे, एक मधल्या ताटातून घ्यायची आणि एक तोंडात घालायची, २००३ च्या सार्सच्या साथीनंतर ही सवय वाढली. तुमच्या दृष्टीने हे वरदान आहे, सासूबाईंच्या करंड्यांना एक जोडी वेगळी ठेवा आणि त्या करंड्या टेबलाच्या मधल्या फिरत्या काचेवर न ठेवता त्यांच्या समोरच ठेवायला सांगा, नाहीतर काच फिरता फिरता कोणीतरी सिउ मायवाली चॉपस्टिक मशरूममध्ये घालणारच. फक्त भातात चॉपस्टिक उभ्या खोचून ठेवू नका, ते इथे अशुभ मानतात.

आणि एकदम सगळी ऑर्डर देऊ नका. करंडीत तीन किंवा चार नग येतात, सात माणसांना दोन करंड्या लागतात, पहिल्या फेरीत वाफवलेलं, मग चेउंग फन आणि तळलेलं, भात नूडल्स शेवटी भूक उरली तर. रविवारी टेबल दीड तासाने परत मागू शकतात त्यामुळे पहिली फेरी लवकर द्या.

चिमणचारा:

बाप रे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी, खूप खूप आभार. सहकाऱ्याला मेसेज टाकला, "जाय" वर त्याचं लगेच उत्तर आलं की त्याची आजी पण तेच खायची, काळजी करू नका, तो आधीच फोन करून ठेवतोय. हार गाऊमधली चरबी सासऱ्यांना सांगितली तर ते म्हणाले "मला कशाला सांगितलंस", आता काय बोलणार. लॉकचाला शुक्रवारी जायचं ठरतंय. सासूबाई घरी चॉपस्टिकने शेंगदाणे उचलायची प्रॅक्टिस करतायत आणि माझ्यापेक्षा चांगलं जमतंय.

शेवटचं एक, लेक मेनूवर माशाच्या आकाराच्या मँगो पुडिंगचा फोटो बघून बसलाय आणि आजीला पण देणार म्हणतोय. ते चालेल ना? त्यात अंडं तर नसतं.

भाकरतुकडा:

मँगो पुडिंगमध्ये बहुतेक वेळा जिलेटिन असतं गं, ते प्राण्यांच्या हाडा-कातडीपासून बनतं, आजींना नको. आंबा, पोमेलो (पपनस) आणि साबुदाण्याचं थंड सूपसारखं गोड मिळतं ते त्यांच्यासाठी मागव, आंबा आणि नारळाचं किंवा साधं दूध असतं. आणि गोडाची ऑर्डर अगदी शेवटी द्या, पहिल्या फेरीत सांगितलंत तर जे आधी तयार होईल ते आधी आणून ठेवतात, पुडिंग हार गाऊच्या आधी येईल आणि मग लेक बाकी कशाला हात लावणार नाही.